हातावरचं पोट आणि हातातल्या नसा

(धायरी येथील विहारात वर्षावासाच्या व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला आरोग्याच्या विषयावर बोलायला सांगितले. आरोग्य म्हटलं की आपण रक्तदाब, साखर, हार्ट याकडे वळतो. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोललंच पाहिजे. मी मात्र आज हातावर बोलणार आहे. कारण सरळ आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं पोट हातावर आहे. धायरी, नऱ्हे, नांदेड फाटा या बाजूला लहानमोठी वर्कशॉप्स आहेत. आपला कुणी लेथवर उभा आहे, कुणी पॉवर प्रेसवर, कुणी वेल्डिंगला. कुणी सेंट्रिंगच्या कामावर आहे. आयाबहिणी चार घरची धुणीभांडी करतात, पोळ्या लाटतात, मशीनवर शिवणकाम करतात. शिकलेली मुलं-मुली दिवसभर कॉम्प्युटरवर बोटं चालवतात. कामं बदलली, पण सगळ्यांचं हत्यार एकच राहिलं, ते म्हणजे हे दोन हात.

आता हाताला लागलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "हाड मोडलं का?" एक्स-रे काढतात, हाड शाबूत आहे असं कळतं, मग "मुका मार आहे, होईल बरं" म्हणून आपण घरी येतो. पण एक्स-रेमध्ये नस दिसत नाही आणि स्नायूही नीट दिसत नाही. हात बधिर पडला असेल, बोट हलत नसेल, तर ती गोष्ट नुसत्या दुखण्यापेक्षा जास्त गंभीर असते. आणि तिच्या उपचाराला मुदत असते. ती मुदत टळली की चांगला डॉक्टर आणि भरपूर पैसा असूनही हात पहिल्यासारखा होत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकीचं सगळं बोलणं ते समजावं म्हणून आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना "नस" म्हणतो. सलाईन लावायला सिस्टर जी शोधतात ती रक्ताची शीर. मूठ आवळून मनगट वाकवलं की मनगटावर ताठ दोरीसारखी उठून दिसते ती कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी. आणि तिसरी म्हणजे खरी नस, मज्जातंतू. ती वरून दिसत नाही. कारखान्याच्या भाषेत सांगायचं तर स्नायू म्हणजे मोटर, कंडरा म्हणजे पट्टा आणि मज्जातंतू म्हणजे वायर. मोटर चांगली असली, पट्टा चांगला असला आणि वायर तुटली, तर मशीन चालत नाही. या वायरीतून दोन्ही बाजूंनी निरोप जातात. मेंदूकडून "हल" असा हुकूम येतो आणि हाताकडून "गरम आहे, टोचतंय" अशी खबर जाते. म्हणून नस गेली की हात लुळाही पडतो आणि बधिरही होतो.

आता सगळ्यांनी एक करा. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग घट्ट धरा आणि उजव्या हाताची बोटं उघडा-मिटा. काय हलतंय? कोपराखालचं मांस हलतंय. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू बोटांत नाहीतच. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये आहेत. तिथून लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या. तळहातात छोटे स्नायू आहेत, ते बारीक काम करतात. सुई ओवणं, बटण लावणं, पेन धरणं ही त्यांची कामं. म्हणून मनगटाजवळ झालेली लहानशी जखमसुद्धा लहान समजायची नसते. त्या दोन बोटं रुंद जागेतून पंजाचा बहुतेक सगळा कारभार जातो.

हातात येणाऱ्या या वायरी मानेतून निघतात. मानेच्या मणक्यांमधून पाच मुळं बाहेर येतात, गळपट्टीच्या हाडामागे एकमेकांत गुंफली जातात आणि काखेतून हातात उतरतात. त्या जुडग्यातून मुख्य पाच नसा होतात. नावं इंग्रजी आहेत, पण ती लक्षात ठेवायला आपल्याकडे एक सोपं साधन आहे. गावोगावच्या चौकात उभा असलेला बाबासाहेबांचा पुतळा डोळ्यासमोर आणा.

उजवा हात खांद्यातून उचललेला आहे. खांद्याच्या गोलव्याचा स्नायू तो उचलतो, आणि त्याला वायर देणारी नस ॲक्झिलरी, म्हणजे काखेतली नस. कोपर सरळ आहे, मनगट ताठ आहे, तर्जनी पुढे रोखलेली आहे. ही तिन्ही कामं रेडियल नसेची. बाकीची बोटं तळहातात मिटलेली आहेत. ते काम मीडियन आणि अल्नर या दोन नसा वाटून घेतात. अंगठ्याकडची बाजू मुख्यतः मीडियनकडे, करंगळीकडची अल्नरकडे. आता डावा हात बघा. कोपर मुडपून संविधान अंगाशी धरलेलं आहे. कोपर मुडपतो तो दंडातला स्नायू. लहान मुलं "बेटकुळी बघ" म्हणून दाखवतात तोच. त्याची नस मस्क्युलोक्युटेनियस. झाल्या पाच नसा. रेडियल नस निकामी झाली तर मनगट लोंबतं आणि ते बोट पुढे रोखता येत नाही. पुढच्या वेळी पुतळ्याला हार घालाल तेव्हा पोरांना हे नक्की दाखवा.

आता घरी करायची तपासणी. डॉक्टरला दाखवायच्या आधी, वाटेत रिक्षातसुद्धा, ती एका मिनिटात होते.

पहिली रेडियल. मनगट वर उचलून अंगठा वर करून दाखवा. पंजाच्या पाठीमागे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागी हलका स्पर्श केला तर कळतो का पाहा. दुसरी मीडियन. अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करा. तर्जनीच्या पेराला स्पर्श कळतो का पाहा. तिसरी अल्नर. पाचही बोटं फाकवा, मग दोन बोटांमध्ये कागद घट्ट धरा. करंगळीच्या पेराला स्पर्श कळतो का पाहा. दोन्ही हात जोडीने तपासायचे, म्हणजे फरक लगेच कळतो. यातलं एखादं जमलं नाही, किंवा एका जागी बधिरपणा आहे, तर डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, "साहेब, बोट बधिर आहे, नस तपासा." हे सांगायला लाजायचं नाही. गर्दीच्या दवाखान्यात रक्त थांबवण्याच्या धांदलीत ही गोष्ट नजरेतून सुटू शकते.

आता मुदतीकडे येतो. हाताच्या दुखापतींचे मी तीन भाग करतो. काहींची मुदत तासांची असते, काहींची महिन्यांची आणि काहींची वर्षांची.

तासांची मुदत असलेली पहिली दुखापत लहान मुलांची. पोरगं झाडावरून, कठड्यावरून, सायकलवरून पडतं आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. मग कुणीतरी सांगतं, अमुक ठिकाणी हाड बसवून देतात. तिथे बांबूच्या कामट्या घट्ट बांधतात. आतून सूज वाढत असते, बाहेरून बांधलेलं सैल होत नाही, आणि हाताचा रक्तपुरवठा अडतो. स्नायू रक्ताशिवाय साधारण सहा तास तग धरतो. पुढे तो मरायला लागतो, आणि मेलेल्या स्नायूच्या जागी ताठ दोरखंड तयार होतो. मनगट वाकलेलं, बोटं आकडलेली, असा हात जन्मभर राहतो. फोल्कमन नावाच्या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये याचं वर्णन केलं. इतकी वर्षं झाली तरी हे अजून घडतं. दवाखान्यात घातलेल्या प्लास्टरखालीसुद्धा हे होऊ शकतं, म्हणून खुणा लक्षात ठेवा. मूल औषध देऊनही रडायचं थांबत नाही, बोटं हळूच सरळ केली तर किंचाळतं, बोटं पांढरी, निळी किंवा गार पडतात, बधिर होतात. यातली एकही खूण दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजताही परत जायचं आणि बांधलेलं सैल करून घ्यायचं. "रडून रडून झोपला बिचारा" म्हणून समाधान मानू नका.

दुसरी दुखापत कापल्याची. फुटलेली काच, सेंट्रिंगचा पत्रा, ग्राइंडरचं चाक, फुटलेली बांगडी. जखमेवर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं आणि हात वर ठेवायचा. हळद, कॉफी, चुना काहीही भरायचं नाही, डॉक्टरला आतलं दिसत नाही. दोरीने आवळून बांधायचं नाही. अंगठी, बांगड्या लगेच काढायच्या, कारण सूज आली की त्याच फास होतात. बोट तुटून पडलं असेल तर ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवलं तर ते बर्फानेच खराब होतं. १०८ ला फोन करायचा आणि बोट बरोबर न्यायचं. अवयव परत जोडणं ही दंतकथा राहिलेली नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत बोस्टनला बारा वर्षांच्या एका मुलाचा दंडापासून तुटलेला हात जोडला गेला, आणि १९६५ मध्ये जपानी डॉक्टरांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडून दाखवला. बोटात स्नायू नसल्यामुळे ते थंड ठेवलं तर बरेच तास टिकतं. पंजा किंवा हात तुटला असेल तर मात्र त्यात स्नायू आहे, म्हणून पुन्हा तोच सहा तासांच्या आसपासचा हिशेब लागतो.

आता महिन्यांची मुदत. इथे थोडं गणित करू. तुटलेली नस जोडली म्हणजे लगेच वीज चालू होत नाही. जोडलेल्या जागेपासून खालचे तंतू मरतात आणि वरून नवे तंतू वाढत यावे लागतात. त्यांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. दंडाच्या मध्यावर अल्नर नस तुटली, तर तिथून तळहातातल्या छोट्या स्नायूंपर्यंतचं अंतर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चारशे मिलिमीटर, म्हणजे चारशे दिवस. आणि नस नसलेला स्नायू किती थांबतो? एक ते दीड वर्ष. नंतर तो वाळून जातो, आणि मागाहून नस येऊन पोचली तरी तिला हलवायला काही उरत नाही. दीड वर्षाचे साडेपाचशे दिवस धरले, त्यातून चारशे वजा केले, तर आपल्या हातात जेमतेम पाच महिने उरतात. म्हणून कापलेली नस पहिल्या काही दिवसांतच जोडलेली सगळ्यात चांगली.

हे गणित कागदावरचं वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. बांधकामावरचा एक तरुण. दंडाच्या आतल्या बाजूला पत्रा लागला. एका दवाखान्यात टाके पडले, जखम छान भरली. करंगळी बधिर होती, पण त्याला वाटलं, जखम ताजी आहे, येईल जाग. मग कुणी तेल सांगितलं, कुणी मालीश सांगितली, कुणी ताकदीची इंजेक्शनं. आठ महिन्यांनी तो आला तेव्हा करंगळी आणि अनामिका आकड्यासारखी वाकलेली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस बसून खड्डा पडलेला. आठ महिने गेले आणि पुढे चारशे दिवस लागणार. वजाबाकी त्याची त्यानेच केली. पैसे त्याने कमी खर्च केले नव्हते, ते फक्त चुकीच्या ठिकाणी गेले होते. पुढे दुसरी शस्त्रक्रिया करून बोटं बरीच सरळ झाली. ती कोणती, ते थोड्या वेळाने सांगतो.

महिन्यांच्या हिशेबातली सगळ्यात मोठी दुखापत दुचाकीची. नवले पुलाच्या उतारावरचे अपघात आपल्याला नवे नाहीत. गाडीवरून उडालेला माणूस डोकं आणि खांदा यांच्यामधल्या बाजूवर पडतो. डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला जातो, आणि मानेतून येणारी ती पाच मुळं ताणली जातात, कधी कधी उपटली जातात. हेल्मेटने डोकं वाचतं, आणि हेल्मेट घातलंच पाहिजे, पण ही मुळं त्याने वाचत नाहीत. ती वेग कमी ठेवूनच वाचतील. असा हात खांद्यापासून लोंबतो. अशा रुग्णाला नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे पहिल्या महिन्यातच दाखवायचं. शस्त्रक्रिया लागलीच तर ती तीन ते सहा महिन्यांत व्हावी. फ्रान्समधले डॉक्टर ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये एक युक्ती प्रसिद्ध केली. अल्नर नस चांगली असेल तर तिच्यातला एक बारीक धागा काढून तो बेटकुळीच्या नसेला जोडायचा. शेजारच्या घरातून वायर ओढून आपला दिवा लावावा तसं. त्याने कोपर पुन्हा मुडपायला लागतं आणि ज्या नसेतून धागा घेतला तिचं काम फारसं बिघडत नाही.

बाळंतपणातसुद्धा हे घडतं. मोठं बाळ, खांदा अडकतो, आणि मान ताणली जाते. बाळाचा एक हात हलत नाही. पुष्कळ बाळांचा आपोआप सुधारतो. पण तीन महिन्यांचं होईपर्यंत बाळ कोपर मुडपायला लागलं नाही, तर तज्ज्ञाला दाखवायचं. नजर लागली म्हणून दृष्ट काढत बसायचं नाही.

रेडियल नसेचं थोडं वेगळं आहे. ती दंडाच्या हाडाला मागून चिकटून जाते. दंडाचं हाड मोडलं की साधारण दहातल्या एकाची ही नस दबते आणि मनगट लोंबतं. यातल्या बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप जागी होते. म्हणून घाबरायचं नाही, पण मधल्या काळात मनगटाला आधाराची पट्टी लावायची आणि बोटं रोज हलवून मोकळी ठेवायची. इंजेक्शन दंडावर चुकीच्या जागी, खाली आणि मागे, टोचलं तरी ही नस दुखावते. आणखी एक प्रकार आहे. दारूच्या नशेत खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून माणूस तास न् तास पडून राहतो, आणि सकाळी उठतो तर मनगट लोंबतंय. इंग्रजीत याचं नावच "सॅटर्डे नाइट पाल्सी", शनिवारच्या रात्रीचा लुळेपणा. शुद्धीतला माणूस मुंग्या आल्या की कूस बदलतो, नशेतला बदलत नाही. पंचशीलातल्या पाचव्या शिलाचा हाताच्या नसांशी असाही संबंध आहे. हा लुळेपणा सहसा काही आठवड्यांत बरा होतो. सवय मात्र आपोआप जात नाही.

आता तिसरा भाग, वर्षांच्या मुदतीचा. ही दुखणी हळू येतात, म्हणून आपण त्यांच्याकडे बघत नाही. माझ्या भगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावं.

मनगटाच्या आत हाडांचा आणि जाड पट्ट्याचा एक बोगदा आहे. त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर मीडियन नस. जागा अपुरी, आतला फुगवटा वाढला की नस दबते. मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. सकाळी कपाचा कान धरता येत नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर, करंगळी मात्र ठीक. हे पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं. गरोदरपणात होतं, थायरॉइड आणि मधुमेहात होतं, सतत पिळण्या-लाटण्याच्या आणि थरथरणाऱ्या मशीनच्या कामात होतं. आपण म्हणतो, "कॅल्शियम कमी झालं असेल." घरीच एक परीक्षा करा. वंदनेला आपण तळहाताला तळहात जोडतो, त्याच्या बरोबर उलट करायचं. पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, बोटं खाली, आणि मिनिटभर तसंच राहायचं. त्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरला दाखवा. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्टीने पुष्कळ फरक पडतो. पुढे गेलं तर जागा बधिर करून छोटी शस्त्रक्रिया होते. पण अंगठ्याच्या मुळाचं मांस बसेपर्यंत थांबलात तर ते भरून येईलच असं नाही.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं, कपडे पिळताना, बादली उचलताना कळ येणं, याला "टेनिस एल्बो" म्हणतात. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये तो झाला आणि २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. पण तो होण्यासाठी टेनिस किंवा क्रिकेट खेळावं लागत नाही. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या ज्या टोकाला चिकटतात तिथे हे दुखणं असतं, आणि धुण्याचा पिळा त्याला पुरेसा आहे. इथे नस गेलेली नसते. काम विभागून, व्यायामाने बहुतेकांना आराम पडतो. घरातल्या पुरुषांनी बादल्या उचलल्या आणि कपडे पिळले तर तोही उपचारच आहे.

मधुमेहाचं तर सांगायलाच हवं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा आतून खराब होतात. त्याची सुरुवात सहसा पायापासून होते. आपल्या बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि पायातल्या नसांच्या वेदनांनी ते उत्तरायुष्यात हैराण झाले होते. एवढं प्रचंड काम त्यांनी या दुखण्यातून केलं. आपण त्यांच्याकडून काम घ्यावं, दुखण्याकडे दुर्लक्ष घेऊ नये.

आणि शेवटचा आजार, ज्याचं नाव आपण हळू आवाजात घेतो. कुष्ठरोग. हा मुळात नसांचा आजार आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे टेबलाचा कोपरा लागला की झिणझिण्या येतात, तिथून अल्नर नस जाते, आणि या आजारात तीच फार वेळा सुजते. करंगळी बधिर होते, मग बोटं आकडतात. बधिर हात तव्याला लागला तरी कळत नाही, आणि भाजून, जखमा होऊन बोटं झिजतात. बोटं "झडतात" असं लोक म्हणतात, पण खरा प्रकार हा आहे. आपल्या पुण्यात कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात डॉ. नोशीर अंटिया यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया केल्या. चांगल्या स्नायूची दोरी सोडवून ती निकामी बोटांना जोडायची, म्हणजे एका मोटरचा पट्टा दुसऱ्या चाकावर चढवायचा. मघाशी सांगितलेल्या तरुणाची बोटं सरळ झाली ती याच जातीच्या शस्त्रक्रियेने. ज्यांना समाजाने गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या हातांवर जे शिकलं गेलं त्याचा उपयोग आज सगळ्यांना होतो. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि सहा किंवा बारा महिन्यांत आजार बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. ज्याच्या अंगावर दिसला त्याला दूर लोटू नका. वाळीत टाकणं म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता कारखान्यातल्या बांधवांसाठी कायद्याचं थोडं. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठाच का मागितला, याचं उत्तर शरीरशास्त्रात आहे. अंगठा समोर येऊन बोटांना भिडतो म्हणून पकड होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही हाच हिशेब होता. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलं जाई. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. त्याच परिशिष्टात एक टीप होती. अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयवच गेला असं समजावं. म्हणजे बोट जागेवर आहे पण निकामी आहे, तरी हक्क आहे. मात्र ते सिद्ध करायला कागद लागतो. तुटलेलं बोट दिसतं, मेलेली नस दिसत नाही. म्हणून अपघात झाला त्याच दिवशी त्याची नोंद कामाच्या ठिकाणी करून घ्या, आणि डॉक्टरच्या कागदावर "बधिरपणा" आणि "हालचाल नाही" हे शब्द लिहून घ्या. नसांची विजेची तपासणी सांगितली असेल तर ती करून रिपोर्ट जपून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, तेव्हा दावा नव्या संहितेप्रमाणे कसा करायचा ते युनियनला किंवा वकिलाला विचारा.

आणि ईएसआयचं कार्ड मागून घ्या. प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यातून पुढे १९४८ चा ईएसआय कायदा झाला. बिबवेवाडीला ईएसआयचं रुग्णालय आहे. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्यासाठी ससून आहे, आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं. ज्यांचा हात गेलाच आहे त्यांनी वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्राची चौकशी करावी. १९४४ पासून लष्कर ते चालवतं आणि तिथे सैनिकांखेरीज इतरांनाही पाहतात.

शेवटी, ज्यांच्या घरात असा हात आहे त्यांच्याशी दोन शब्द. नस वाढत असते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. चारशे दिवस म्हणजे वर्षापेक्षा जास्त. त्या काळात सांधे आखडू नयेत म्हणून घरच्यांनी रोज बोटं, मनगट, कोपर, खांदा हळूहळू पूर्ण हलवून द्यायचे. बधिर हात चुलीपासून, गरम पातेल्यापासून सांभाळायचा आणि रोज रात्री जखम आहे का ते डोळ्यांनी बघायचं. आणि त्या माणसाला "आता तुझा काय उपयोग" असं वाटू द्यायचं नाही. दुसऱ्या हाताने सही शिकता येते, मोबाईलवर हिशेब ठेवता येतो, विहाराच्या ग्रंथालयाची नोंदवही सांभाळता येते. काम हातात राहिलं की व्यायामाचा कंटाळा येत नाही.

समितीला माझी एक विनंती आहे. त्या तीन नसांच्या तपासणीचा एक साधा तक्ता करून विहाराच्या फलकावर लावावा, त्याखाली १०८ हा नंबर लिहावा, आणि तुटलेलं बोट कसं न्यायचं ते दोन ओळींत लिहावं. वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलांनी तो पाठ करून आपापल्या घरी करून दाखवावा. एखाद्या दिवशी त्यातल्याच एखाद्या पोराच्या तोंडून "बाबा, करंगळी बधिर आहे का?" हा प्रश्न वेळेवर निघेल.